टेप खोटं बोलतो म्हणे!

गळ्यात पडणं हाच माझा धंदा. मित्रांनो, मी एका शिंप्याचा जुना कापडी टेप आहे. कारखान्यात माझ्यावर आकडे छापले, दोन्ही टोकांना पितळी टोप्या बसवल्या आणि तिथून मी थेट मास्तरांच्या गळ्यात येऊन पडलो.

माझ्याइतका संशय क्वचितच कुणाच्या वाट्याला आला असेल. मी कमरेला विळखा घातला की गिऱ्हाईक श्वास रोखून पोट आत ओढून घेई. तरीही आकडा वाढलेला निघाला की म्हणे, “मास्तर, तुमचा टेप आखडलाय.” खांदा मोजताना मी खरा, बाही मोजताना खरा आणि कंबर आली की खोटारडा! मग मीही प्रत्येकाकडे संशयानेच बघू लागलो.

मास्तर मात्र माझी बाजू घेत. दिवसभर पायाने मशीन चालवणारा तो सडपातळ माणूस. पुढे मशीनला मोटर बसली. काम झपाट्याने होऊ लागलं आणि पाय नुसते टेकून राहिले. जेवण मात्र पूर्वीइतकंच. हळूहळू त्यांच्या स्वतःच्या पँटची बटणं ताणली जाऊ लागली.

“हा टेप ताणलाय, भलतेच आकडे दाखवतो,” एक दिवस मास्तरही म्हणाले. मला फार लागलं.

दुकानात काज-बटणं करणारी त्यांची बायको फटकळ होती. सगळे तिला काकू म्हणत. “अहो, ताणला असता तर आकडा कमी नसता का आला?” काकूंनी सुनावलं.

तरी मास्तरांनी नवा टेप आणलाच. त्याने अर्धा इंच जास्त दाखवलं! मी खरोखरच थोडा ताणलो होतो, पण मास्तरांच्याच बाजूने. काकू पोट धरून हसल्या.

ते हसू फार टिकलं नाही. एका दुपारी मास्तर अनवाणी दुकानात वावरत होते आणि काकू ओरडल्या, “अहो, पायात टाचणी!” टाचणी तळव्यात रुतली होती, रक्त आलं होतं आणि मास्तरांना पत्ताच नव्हता. डॉक्टर म्हणाले, “रक्तातली साखर वाढलीय. पाय बधिर होत चाललेत. असंच चाललं तर पाय गमवाल.”

औषध सुरू झालं. जखम भरल्यावर मास्तरांनी मऊ बूट घेतले आणि रोज सकाळी फिरायला जाऊ लागले. दोन-तीन महिन्यांनी काकूंनी मला उचलून त्यांच्या कमरेभोवती गुंडाळलं. आकडा होता तिथेच!

“फिरायला जाता की चरायला?” काकूंनी डोळे बारीक केले.

“अगं, वाटेत पाण्याशिवाय काही घेत नाही!”

काकूंचा विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी हातात पिशवी घेऊन, भाजीला निघाल्यासारखं दाखवत, त्या मास्तरांच्या मागे गेल्या. धापा टाकत परतल्या त्या अधिकच बुचकळ्यात पडून. “बेकरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही हो यांनी! मग कंबर कमी का होत नाही?” आणि त्यांनी पुन्हा माझ्याकडेच रोखून पाहिलं.

त्याच आठवड्यात पुतणी गणवेशाचं माप द्यायला आली. ती दवाखान्यात नर्स होती. सगळं ऐकून ती हसली.

“काका, आपलं शरीर फार जुन्या काळात घडलंय. माणसं कंदमुळं शोधत, शिकारीमागे रानोमाळ हिंडायची. आज पोटभर मिळालं तरी उद्याची खात्री नसायची. त्यामुळे मिळेल ते साठवायची सवय शरीराला लागली. तुम्ही जास्त चालू लागलात की त्याला वाटतं, अन्न संपलं म्हणून हा वणवण करतोय. मग ते भूक वाढवतं आणि दुसरीकडे काटकसर करतं.”

“म्हणजे माझं शरीरच माझ्यावर संशय घेतं?”

“हो. काकूपेक्षाही जास्त!”

मास्तर हिरमुसले. “मग चालू कशाला?”

“साखर तपासली का परत?”

तपासली. ती बरीच खाली आली होती! कमरेपुरतंच जाणणाऱ्या मला ते कुठून कळणार? पुतणी म्हणाली, “हिंडायची शरीराला सवय आहे, नुसतं बसून राहायची नाही. चालणं सोडू नका. कंबर कमी करायची तर ताटात हात आखडता घ्या.”

काकूंनी ताटातलं वाढणं कमी केलं. औषध सुटलं नाही, पण पाय वाचले. वर्षभराने कंबरही थोडी उतरली. एवढ्यासाठी इतका वेळ घेणारं शरीर खरंच भारी संशयी म्हणायचं.

आता नवा टेप मास्तरांच्या गळ्यात असतो आणि मी खुंटीवर. सकाळी दोघं बाहेर पडताना दिसतात. “पाळत ठेवायला जाते मी,” असं काकू अजून सांगतात. पण पाळत ठेवणारा माणूस मागून चालतो ना? काकू तर दहा पावलं पुढे असतात!

मित्रांनो, माझ्यावर खुशाल संशय घ्या. आम्हा टेपांना त्याची सवय आहे. पण पाय बिचारे तक्रार न करताच बधिर होतात. त्यांना असं बसवून ठेवू नका. ते फार लांबून चालत आले आहेत.