अंधारात वाढवलेली बशी

"दिसतंय का काही?" गणित्यानं मागून विचारलं.

ताईनं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला नाही. प्रयोगशाळेत लहानथोर सगळ्यांची ती ताईच. "काळोख," ती म्हणाली. "एक ठिपका नाही रे."

वर्षानुवर्षं दोघांचं हेच चाललेलं. जिवंत पेशीत एक जनुक कधी जागं होतं, किती वेळ जागं राहतं, ते मोजायचं. लेझरच्या उजेडात जाग्या जनुकाचा हिरवा ठिपका चमके. ताईनं ठिपके वेचायचे, गणित्यानं समीकरणात ओवायचे. समीकरण असं देखणं उतरलं, की दोघांची कायमची नोकरी त्यावर ठरल्यात जमा होती. छापायला पाठवलेला लेख तपासणाऱ्यानं एवढंच मागितलं: पेशींची एक बशी लेझरच्या उजेडाविना वाढवा, शेवटी रंगवून ठिपके दिसतात का बघा.

"रंग चढला नसेल," गणिती म्हणाला.

"उजेडातल्या बशीत चढलाय ना!"

"म्हणजे?"

"म्हणजे ते जनुक झोपलेलंच असतं. आपण दिवा रोखतो, पेशी पोळते, तेव्हा ते दचकून उठतं. आपण तिचं जगणं नाही मोजलं रे. आपलाच जाच मोजला."

गणित्यानं खुर्ची ओढली. "माझं गणित बरोबर आहे."

"बरोबरच आहे."

"मग टाकू की लेखात एक ओळ. मर्यादा म्हणून. कोण खणत बसतंय?"

"लिही. मी वाचते."

त्यानं कळफलक ओढला, बोटं टेकवली, उचलली. मग कळफलक परत मागे ढकलला.

ताईच्या वडिलांचा फोन आला. "काय गं बाय, नोकरीचं झालं का पक्कं? तुझी आई सगळ्या गल्लीला सांगून मोकळी झालीय."

"नाही झालं, बाबा. आता नाही व्हायचं."

"बरं. जेवलीस का?"

"हो," ती म्हणाली. जेवली नव्हती.

तिनं स्वतःच जाऊन विभागप्रमुखबाईंना सगळं सांगितलं. लेख मागे घ्यायचं ठरलं. "ऊबपेटी रिकामी कर," बाई खाली बघत म्हणाल्या. "दुसऱ्यांना लागेल."

ऊबपेटीत उबेला ठेवलेल्या, सुट्टीच्या दिवशीही येऊन खाऊपिऊ घातलेल्या पेशी. ताईनं एकेक बशी बाहेर काढली, झाकण उघडलं आणि पेशी मारायचं ब्लीच ओतलं. अगदी कडेकडेनं, बशीच्या भिंतीवरून, धार अंगावर पडून पेशी उखडू नयेत म्हणून, रोज पोषक पाणी ओतायची तसं. गुलाबी पाणी फिकटत गेलं.