भाजलेले कान

"हे कान भाजलेले आहेत," बूरुल म्हणाली.

"स्वच्छ आहेत, एजे! एक केस नाही बघा," आयपेरी म्हणाली. विद्यापीठाच्या त्या खात्यात बूरुलला सगळेच एजे म्हणत, म्हणजे मोठी बहीण. त्यामुळे पगार वाढवावा लागत नसे.

केस नव्हता, तिथेच घोटाळा होता. बिश्केकच्या बाजारात मुंडीवाले मेंढीचं डोकं ज्योतीवर धरून केस जाळतात. खायला तसंच लागतं. प्रयोगशाळेसाठी मात्र मदतनीस बूरुल सव्वीस वर्षं कत्तलखान्यातून केसाळ कान आणून स्वतः भादरत आली होती. ती आठवडाभर रजेवर गेली आणि पीएच.डी. करणाऱ्या आयपेरीने मुंडीवाल्याकडून कानांची पिशवी भरून आणली.

काम असं होतं: चरबीचे डोळ्यांना न दिसणारे नॅनोकण करायचे, त्यांच्या पोटात बुरशीचं औषध भरायचं आणि ते मलम माणसाच्या जागी मेंढीच्या कानाच्या कातडीतून किती खाली उतरतं ते मोजायचं. भाजलेल्या कातडीतून ते चाळणीतल्या पाण्यासारखं उतरलं. प्रोफेसर तिलेक सादिरोविच यांनी त्याच दिवशी मंत्रालयाला कळवलं. पहिली चाचणी डोंगराळ नारिन भागातल्या मेंढपाळांवर ठरली. यादीत बूरुलच्या भावाचं गाव होतं. वासरांपासून लागलेला नायटा तिच्या पुतणीच्या मानेवरून केसांकडे सरकत होता.

बूरुलने कत्तलखान्यातून नवे कान आणून भादरले आणि प्रयोग पुन्हा केला. औषध कातडीवर बसून राहिलं, एखाद्या उपसचिवासारखं.

"हा प्रयोग तुम्हाला सांगितला कुणी?" प्रोफेसरांनी विचारलं.

"कुणी नाही."

"मग तो झालाच नाही." त्यांनी नोंदवही पुढे सरकवली. "कातडी ताजी, अखंड. करा सही."

"भाजलेली कातडी अखंड?"

"एजे, तुम्ही काचेची भांडी धुता. मी देशाचं नाव काढतोय."

"नायटा माणसांच्या मानेवर आहे, प्रोफेसर! ती माणसं काय ज्योतीवर धरून आणणार आहात?"

"आयपेरी, तू कर सही."

आयपेरीने बूरुलकडे पाहिलं, मग फरशीकडे. तिचा प्रबंध आठ महिने रखडला होता. तिने सही केली. बूरुलची बदली भांडी धुण्यावर झाली, म्हणजे प्रोफेसरांच्या मते ती आधीपासून होती तिथेच.

महिन्याभराने भावाचा, जेंगिशचा, फोन आला. "एजे, तुमचं मलम आलं! वास काय झकास आहे!"

"ते राहू दे. पोरीला जुनंच लाव."

"जुनं ते चाचणीवाले घेऊन गेले. दोन्ही लावलं तर नव्याचा गुण कळणार कसा, म्हणाले."

"गुण! अरे, ते भाजलेल्या कातडीवर चालतं!"

"आमची कुठे भाजलीय?"

"म्हणूनच सांगतेय, गाढवा!"

"ओरडतेस काय? गावात सगळेच लावतायत."

तिने फोन ठेवला. कोपऱ्यावरच्या दुकानातून जुन्या मलमाच्या, मिळाल्या तेवढ्या, सहा ट्यूबा घेतल्या आणि नारिनच्या गाड्यांच्या तळावर गेली. तिथले चालक कुणाचंही काहीही पोचवतात.

"काय आहे यात?" चालकाने विचारलं.

"नायट्याचं औषध."

"ते बातम्यांमधलं? नवीन?"

"नाही," बूरुल म्हणाली. तिने पुडक्याची गाठ आणखी एकदा आवळली आणि वर पाठवणारी म्हणून ठळक अक्षरांत स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.