कानातली खाच, नाकातली राख

आता जे सांगतो, त्यावर तुमच्यातला एकही जण विश्वास ठेवणार नाही. ठेवलात तर मला तुमची कीव येईल. पण ऐकून घ्या.

वाघोलीच्या मागे पोपटचा डुक्करफार्म आहे. तिथं दर अवसेला सकाळी अशी गर्दी लोटायची की रांगेचं तोंड पोपटच्या फाटकाशी आणि शेपूट पार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. यार्डातल्या आडत्यांनी एकदा ते शेपूट कोबीचा ढीग समजून लिलावात काढलं.

"हो का जी!" मालनबाई म्हणाल्या.

नम्रता, त्यांची सून, मोबाइलमध्ये बघत गालात हसली. आम्ही सोसायटीच्या पार्किंगमधल्या बाकावर बसलो होतो. मालनबाई यवतमाळहून सुनेच्या बाळंतपणाला आल्या, त्या नातवाच्या सर्दीपायी इथेच राहिल्या. दोन महिन्यांचं ते पोर मांडीवर घुरघुरत होतं. येत्या रविवारी त्याला फुंकरमहाराजांकडे न्यायचं ठरलं होतं, गाडीसुद्धा बुक झाली होती. म्हणून तर मी तोंड उघडलं. मार्केट यार्डातला टाकाऊ भाजीपाला टेम्पोनं पोपटच्या फार्मवर पोचवण्यात माझा जन्म गेला, आणि हे महाराज मी तेव्हापासून पाहिलेत, जेव्हा ते फक्त डुकरांचे महाराज होते.

डुकरांचेच, मालनबाई. दचकू नका.

त्या वर्षी पोपटची पिलं शिंकायला लागली. शिंक, नाकातून पाणी, मग दूध तुटायचं, मग पिलू कोपऱ्यात पडायचं. रोज एखादं गोणपाटात गुंडाळून बाहेर जायचं. पोपटची बायको चुलीपाशी बसून रडायची, कारण ती प्रत्येक पिलाला नाव ठेवायची. अशात हे महाराज आले. भगवी लुंगी, गळ्यात शिंपल्यांची माळ, हातात पितळेची नळी. नळीत राख. पिलाच्या नाकपुडीला नळी लावायची आणि फुंकर मारायची, की शिंक बंद! बघता बघता गावोगावचे डुकरंवाले आपापली पिलं घेऊन रांगेत.

"नाकातून प्राण, प्राणातून ब्रह्म, ब्रह्मातून फुंकर!" महाराज गर्जायचे. "जिथं श्वास, तिथं आमचा वास!"

यातलं शेवटचं वाक्य मात्र शंभर टक्के खरं होतं. पाच हात लांबून यायचा.

पण सगळ्याच पिलांना फुंकर मिळत नसे. बद्रीनाथ नावाचा एक चेला होता. तो पिलू उचलायचा, त्याच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटायचा आणि मग महाराजांकडे बघून मान हलवायचा. मान खाली झाली की फुंकर. मान आडवी झाली की महाराज डोळे मिटून म्हणायचे, "याच्या नाकात यमाचा वास आहे. न्या."

आणि चमत्कार असा की ज्यांना फुंकर मिळाली, ती आठवड्याभरात टुणटुणीत! ज्यांना नाही मिळाली, त्यातली निम्मी मेली.

"मग! खरंच आहे की त्यायची विद्या," मालनबाईंनी नातवाला छातीशी धरलं.

"थांबा. अजून डॉक्टरीण यायची आहे."

डॉ. नाजिमा ही कॅम्पातली मुलगी, जनावरांची डॉक्टर. पोपटच्या डुकरांना तीच बघायची. पहिल्या दिवसापासून ती सांगत होती, जमीन कोरडी ठेव, पिलांना ऊब दे, जन्मल्या जन्मल्या आईचा चीक पोटात जाऊ दे, डुकरिणीला व्यायच्या आधी लस टोच. पोपट मान डोलवायचा आणि महाराजांसाठी नारळ आणायला जायचा.

ती फाटकातून आत आली तसे महाराज कडाडले, "मुसलमानाची पोर डुकराला हात लावते! विटाळ! आता फुंकर चालायची नाही!"

गर्दी गुरगुरली. नाजिमानं हातमोजे चढवले.

"महाराज, मी डुक्कर खात नाही, तपासते. तुम्ही न तपासताच खाताय."

पुढच्या रांगेतली दोन पोरं फिसकन हसली. पोपट मात्र गयावया करत म्हणाला, "मॅडम, त्यांना राग आला तर माझी पिलं ऱ्हात न्हाईत. जावा तुम्ही. हात जोडतो."

ती गेली नाही. फाटकाबाहेर माझ्या टेम्पोच्या पायरीवर चहा पीत बसली आणि बघत राहिली. महाराजांकडे नाही, बद्रीनाथकडे. एकाएकी मला म्हणाली, "रंगनाना, मंत्र सांगायला कान उलटा कशाला करावा लागतो हो?"

आणि माझ्या टाळक्यात उजेड पडला.

डुक्करफार्मवर पिलांच्या कानाला खाच पाडतात. कुठली पिलं कुठल्या डुकरिणीची आणि कधीची, हे खाचेवरून ओळखायचं. आणि हा बद्रीनाथ वर्षभरापूर्वी पोपटकडेच शेण काढायला होता! त्याला खाचा तोंडपाठ. मंत्र कसला बोडक्याचा, बेटा कानातून पिलाचं वय वाचत होता! दुसऱ्या गावची पिलं आली, की गोड आवाजात मालकिणीलाच विचारायचा, "कधी व्याली हो ताई?" ती भाबडी सांगून टाकायची.

"वयाचं काय घेऊन बसले?" मालनबाईंनी विचारलं.

हेच मी नाजिमाला विचारलं. ती म्हणाली, "नाना, नाकाच्या आत ओलं अस्तर असतं. नुकत्या जन्मलेल्या पिलाचं अस्तर म्हणजे तुमची वाघोलीतली नवी सोसायटी. भिंत उभी आहे, गेट बसलंय, पण वॉचमन अजून आलेले नाहीत. जंतू खुशाल आत. तोवर आईच्या चिकातून आलेले उसने वॉचमन भागवून नेतात. आठवड्यामागून आठवडे जातात तसं अस्तर जाड होतं, चिकट शेंबूड धरतं, आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी तिथं मुक्कामाला येतात. पाचसहा आठवड्यांचं पिलू शिंकलं, तर बहुतेक वेळा स्वतःचं स्वतः बरं होतं. दहा दिवसांचं शिंकलं, तर जिवाशी गाठ."

म्हणजे महाराज मोठ्या पिलांनाच फुंकर मारत होते. जी बरी होणारच होती, त्यांना! आणि जी लहान, त्यांच्या नाकात यम.

संताप म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. मला आठवली गोणपाटात गुंडाळलेली ती पिलं. त्यांना फक्त कोरडी जागा आणि ऊब हवी होती. ती द्यायचं सोडून पोपट रांग सांभाळत होता.

पुढच्या अवसेला नाजिमानं पोपटच्या बायकोला हाताशी धरलं. सहा शिंकणारी पिलं निवडली. तीन मोठी दिसणारी, पण जेमतेम तीन आठवड्यांची. दुधाळ डुकरिणीची, गुबगुबीत. तीन खुरटलेली, पण त्यांच्या दुप्पट वयाची. आईच्या मागच्या, दूध न येणाऱ्या सडाला लागून वाळलेली. सहांच्याही कानांना निळं औषध फासून पट्टी बांधली.

बद्रीनाथनं पहिलं पिलू उचललं. कान उलटा केला. पट्टी! दुसरं. पट्टी! त्याच्या कपाळावर घाम फुटला. मंत्र विसरल्यासारखा तो नुसते ओठ हलवत राहिला. शेवटी पिलांच्या अंगाकडे बघून गुबगुबीत तिन्हींना मान खाली, खुरटलेल्या तिन्हींना मान आडवी. महाराजांनी फुंकरी मारल्या. खुरटलेल्यांच्या नाकात यमाचा वास निघाला.

आठवड्याभरात यमाच्या वासाची तिन्ही पिलं चाऱ्यावर तुटून पडत होती. ब्रह्मातून फुंकर मिळालेली तिन्ही धापा टाकत होती, नाकातून काळा शेंबूड गळत होता. नाजिमानं सुया टोचून, शेकून ती कशीबशी वाचवली.

मग तिनं सगळ्यांसमोर पट्ट्या सोडल्या. पोपटनं खाचा बघितल्या: खुरटी पिलं दुप्पट वयाची, आणि कान झाकल्यावर बद्रीनाथ सपशेल चुकलेला. एकेक कान तो दोनदा बघत होता.

"बद्र्या," तो म्हणाला, "तू माझ्या पिलांचं कान वाचत होतास व्हय रं?"

महाराजांनी कलियुग काढलं, विटाळ काढला, ग्रह काढले. पोपटच्या बायकोनं खराटा काढला.

डुकरं पाळणाऱ्यांनी त्यांना हाकललं, मालनबाई. तेव्हा ते माणसांकडे वळले. आता नगर रोडला हॉल घेतलाय. कॉम्प्युटरवर बसणारी, गळ्यात ओळखपत्र घातलेली पोरं तिथं आपली तान्ही बाळं घेऊन रांगेत उभी राहतात. डुकरांच्या मालकांना एकदा दाखवल्यावर कळलं, ते यांना कळत नाही! चीड येते मला. तान्ह्याच्या नाकाचं अस्तर ते केवढं, आणि त्यात राख! जे बाळ आपोआप बरं होतं, त्याची आई पेढे वाटते. जे होत नाही, त्याची आई घरात बसते. ती रांगेत कुणाला दिसत नाही. पेढे मोजू नका, बाई. न दिसणारी आई कुठं गेली ते विचारा. एवढंच विचारा. एवढ्याला पदवी लागत नाही.

मालनबाईंनी पदरानं पोराचं नाक टिपलं. पोर घुरघुरलं. मला वाटलं, फार कडक झालं; थोडं गोड करावं.

"आणि मग ऐका पुढची गंमत. पोपटची सर्वांत मोठी डुकरीण पिसाळली, महाराजांच्या मागे लागली. महाराज पुढे, डुकरीण मागे, नगर रोडवरून सुसाट. येरवडा गेलं, नदी गेली. अर्ध्या तासात बुधवार पेठ! महाराज एका रेडिओच्या दुकानात घुसले, डुकरीणही घुसली, आणि—"

"थांबा," मालनबाई म्हणाल्या.

"काय झालं?"

"खोटं बोलून रायले तुम्ही, नाना. परवा या बाळाले डॉक्टरकडे नेतानी वाघोलीच्या चौकातच आमची रिक्षा तासभर अडकली होती. पुढं अँब्युलन्स बोंबलत होती, तिलेही वाट भेटली नाही. अन् तुमची डुकरीण अर्ध्या तासात बुधवार पेठेत?"

नम्रतानं मोबाइल खाली ठेवला.

"नम्रता, रविवारची गाडी रद्द कर. अन् डॉक्टरनं सांगितलेली ती वाफ, ती मशीन कुठं ठेवली तू?" मालनबाई पोराला खांद्यावर घेऊन उठल्या. दोन पावलं गेल्या आणि वळल्या. डोळे लाल झाले होते.

"काहून हो नाना, इतक्या लोकायतून त्या फुंकऱ्याले असं 'थांबा' कोणीच म्हटलं नाही?"