तीन दिवसांच्या होड्या

"मनसारामभाऊ, हा एवढा डोह मोकळा करून दिलात, तर आमचं काम होईल," शर्यतींचं काम बघणारे सरकारी साहेब म्हणाले आणि आपली प्लास्टिकची खुर्ची त्यांनी मनसारामकडे सरकवली.

वैशाखाचं ऊन तलावाच्या पाळीवर नुसतं आग ओतत होतं. पाणी आटत आटत मधोमध डोहापुरतं उरलं होतं. पुढच्या माघात या तलावावर देशभरातल्या होड्यांच्या शर्यती व्हायच्या होत्या आणि त्यासाठी तळ एका पातळीत खोदायचा होता. गावाला सिमेंटचा रस्ता मिळेल, पाहुणे येतील, पोरांना कामं लागतील, असं साहेब केव्हापासून सांगत होते.

पण डोह म्हणजे काही डबकं नव्हतं. उन्हाळ्यात तलावातले जुने मासे तिथंच जीव धरून राहत. आषाढात पाणी चढलं की त्यांचीच पिलावळ तलावभर होई. म्हणून होळीपासून मृगापर्यंत गावातला एकही मासेमार ढिवर तिथं जाळं टाकत नसे, घरी खायला नसलं तरी. डोहाची राखण आजोबांपासून मनसारामच्या घराकडे होती. त्याच्या शब्दाशिवाय कोणी तिथं पायही बुडवत नव्हता.

"उद्घाटनाला सगळ्यांत पुढे तुमचा डोंगा," साहेब म्हणाले. "मंत्र्यांची होडी तुमच्या मागून."

साठी ओलांडलेल्या मनसारामला आजवर कोणा साहेबाने बस म्हटलं नव्हतं. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे! तरी त्याने विचारलं, "अन् मासे?"

"ते आधी दुसऱ्या तलावात हलवू. गाडी येईल ना."

"मंग घ्या," मनसाराम म्हणाला. बाकीच्या ढिवरांना विचारायलाही तो थांबला नाही.

पाचव्या दिवशी पंप आले. गाडी आली नाही. मनसाराम साहेबांना शोधत फिरला, तर साहेब चंद्रपूरला बैठकीला गेलेले, आणि पंपवाल्याला फक्त पाणी काढायचा हुकूम. दुपारपर्यंत डोहाचा चिखल झाला. हातहात लांबीचे मासे त्यात तडफडू लागले. मनसाराम मडक्याने पाणी आणून त्यांच्यावर ओतत राहिला. बाजूच्या पाड्यावरचा ढिवर वारलू धावत आला, गुडघाभर चिखलात शिरला.

"भाऊ, तुमी शबद देल्ला कसा? आमाले विचारलं काऊन नाई?"

मनसारामने मडकं पुन्हा भरलं.

संध्याकाळी टोपल्यांच्या टोपल्या भरून मासे पाळीवर पडले होते, पण त्या दिवशी ढिवरांच्या एकाही घरी मासा शिजला नाही. मनसारामची बायको गोकुळा चुलीकडे पाठ करून बसली होती.

"भात तरी टाकतं का?" त्याने विचारलं.

"घरचं मानूस मेल्यावर चूल पेटते का?" ती म्हणाली.

माघात होड्या आल्या. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं तीनच. मनसारामला लाल फेटा बांधला, त्याचा डोंगा पन्नास हात पुढे नेऊ दिला, फोटो निघाले, आणि मग शिट्टी मारून त्याला काठाला लागायला सांगितलं. पोरांना तीन दिवस गाड्या लावायचं काम मिळालं. पाहुणे गेले, ते पुन्हा फिरकले नाहीत. पत्र्याचा मंडप आणि पाण्यावरचे खुणेचे पिवळे डबे मात्र तिथंच राहिले. रस्ता झाला, खोटं कशाला बोला. त्याच रस्त्याने आंध्रातल्या माशांच्या बरफाच्या पेट्या झपाझप येऊ लागल्या.

पुढच्या हंगामात गावाची जाळी पाण्यात पडली आणि शेवाळ घेऊन वर आली. दोनदा, तीनदा. वारलूने जाळं गुंडाळलं आणि तो मजुरीला निघून गेला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर मनसारामला बरं वाटलं असतं.

आता वडशाच्या बाजारात मनसाराम आणि गोकुळा पेटीतला मासा घेऊन बसत. एका बाजारी मुबीन आला. शिवणकाम करणारा हा माणूस त्यांचं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक.

"मनसारामभाऊ, मासा तुमच्या तलावाचाच हाय ना? अम्मी बिमार हाय. तिले दुसरा गोडच लागत नाई."

गोकुळाने कोपराने ढोसलं. "हो म्हना," ती पुटपुटली. सकाळपासून एक मासा खपला नव्हता.

मनसारामने मुबीनकडे पाहिलं. "नाई मुबीनभाऊ. आंध्राचा हाय."

"मंग तलावाचा कवा येईन?"

"नाई येत आता."

"काऊन? काय झालं?"

होड्यावाल्यांनी डोह नेला, असं सांगता आलं असतं. साऱ्या बाजाराने ते खरं मानलं असतं, आणि अर्धं खरंही होतं. मनसारामच्या ओठांवर ते आलंही होतं.

"मीच देऊन टाकला," तो म्हणाला.

मुबीनने रिकामी पिशवी घडी करून काखेत धरली आणि तो हळूहळू गर्दीत निघून गेला. मनसारामने दोन्ही हातांनी बरफ ओढून घेतला आणि एकेका माशाचं तोंड झाकत गेला.