हलकी बंदूक

सत्यजितने बंदूक घेताना सगळ्यात आधी बघितलं ते तिचं वजन, आणि तिथेच सगळं फसलं. पण थांबा, तो बंदुकीपर्यंत पोचला कसा ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, पुण्याचा वरणभात खाणारा मेकॅनिकल इंजिनिअर, ह्याला शिकारीची हौस आली कुठून.

हौस नव्हती हो. रविवार होते. जर्मनीतल्या गेर्लिंगेनचे रविवार म्हणजे दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, वॉशिंग मशीन लावलं तर शेजारी रुहेत्साइटची, म्हणजे आवाज न करण्याच्या वेळेची, आठवण करून देणार. शुक्रवारी ऑफिसात 'शोनेस वोखेनएंडे', म्हणजे हॅपी वीकेंड, म्हटलं की, मधला आईचा फोन सोडला तर, पुढचा शब्द थेट सोमवारी. तोही खरखरत निघायचा.

खालच्या मजल्यावर हार्टमूट राहायचे. रिटायर्ड, बायको गिझेला दोनेक वर्षांपूर्वी गेलेली. पक्के शिकारी. एकदा जिन्यात त्यांनी विचारलं, "येतोस का मचाणावर? दोघं असले की बरं पडतं." सत्यजित गेला. संध्याकाळभर दोघं त्या लाकडी मचाणावर खांद्याला खांदा लावून गप्प बसले, हरण काही आलं नाही, आणि घरी येताना ह्याला वाटलं, आज आपण किती बोललो.

मग काय, गडी पेटलाच. शिकारीच्या परवान्याचा कोर्स लावला, झाडांची नावं, हरणांचे दात, कुत्र्यांचे रोग, सगळं जर्मनमधून घोकलं आणि पास झाला. हार्टमूट म्हणाले, "आता एकच राहिलं. पहिलं हरण एका गोळीत पाड, तडफडता कामा नये. मग मी आमच्या शिकारी लोकांशी बोलतो. तू आमच्यातला."

आमच्यातला. तो जिना चढेपर्यंत हाच शब्द घोळवत होता.

आता ह्याचं रोजचं काम काय, तर गाडीच्या पार्ट्समधलं वजन काढायचं. एका ब्रॅकेटमधून चमचाभर वजन कमी झालं तरी ह्यांच्या टीममध्ये केक कापतात. असा माणूस एकटाच दुकानात गेला, हार्टमूटना सरप्राइज द्यायचं म्हणून. तिथे डोंगर चढून शिकार करणाऱ्यांसाठी बनवलेली एक सेकंडहँड रायफल होती. काडतूस दांडगं, नळी आखूड, आणि उचलली तर छत्रीसारखी. हा प्रेमातच पडला.

"इंजिनिअर का?" दुकानदाराने विचारलं.

"गेनाऊ, अगदी बरोबर."

दुकानदार नुसता हसला.

गाडीत वजन कमी झालं की सगळं छान होतं. पण बंदुकीचा धक्का बंदुकीचं वजनच खातं, ते नसलं की तो तुम्ही खायचा. हे गणित ह्याला शाळेपासून येत होतं, पण दुकानात कुठे आठवायला. पहिल्याच गोळीला दस्त्याने खांद्यात लाथ घातली आणि बंदुकीवरची दुर्बीण येऊन भुवईवर आदळली.

"भुवईला काय झालं रे?" व्हिडिओ कॉलवर त्याच्या आईने, सरलाताईंनी विचारलं.

"कपाटाचं दार लागलं."

"कुठलं? ते मागचं लोखंडी? त्यात ठेवतोस तरी काय एवढं?"

"पासपोर्ट."

"एका पासपोर्टला तिजोरी. मोठे आले शेटजी."

आईला सांगायची सोय नाही. ऑफिसात विषय काढला तर लोक घड्याळाकडे बघतात. एवढी मोठी वस्तू घेतली आणि 'बघू, बघू' म्हणायला कोणी नाही. एकदा सरकारी ऑफिसातून दोघं जण, बंदूक नीट कुलुपात आहे ना म्हणून, तिजोरी तपासायला आले, वर्षभरात ह्याच्या घरात आलेले पहिले पाहुणे. ह्याने आलं घालून चहा टाकला, चिवडा काढला. त्यांनी बंदुकीवरचा नंबर जुळवला, "नाइन, डांके" म्हणाले आणि गेले. दोन्ही कप त्यानेच संपवले.

बरं, बंदुकीत एक तरी गुण असावा की नाही. चाप इतका जड की ओढेपर्यंत नेम हलणार. काडतुसांची पेटी खुळखुळणार. सेफ्टी काढली की मोठ्याने टक्क. प्रॅक्टिसला गेला की गोळी सुटायच्या आधीच ह्याचे डोळे मिटायचे, खांदा आक्रसायचा, आणि गोळी खाली. दर वेळी खाली. हार्टमूटनी विचारलं की हा म्हणायचा, "मस्त चाललंय." बंदुकीला घाबरणारा माणूस आमच्यातला कसा होणार, सांगा ना.

मे महिन्यात दोघं मचाणावर बसले. ऊन कलल्यावर गवताच्या कडेने एक नर आला, छोटासा, तांबूस, निवांत चरणारा. हार्टमूटनी कोपराने हळूच ढोसलं. सत्यजितने बंदूक लावली. टक्क. हरणाने मान वर केली, कान फिरवले, आणि उभंच राहिलं. आडवं, समोर, ह्याहून सोपं काही नसतं. शेजारी हार्टमूटनी श्वास रोखलेला. सत्यजितने चापावर बोट ठेवलं मात्र, डोळे मिटायला लागले, खांदा आखडला. आणि त्याला पक्कं कळलं, ही गोळी खाली जाणार. पोटात. मग हे पोर फाटलेलं पोट घेऊन रात्रभर झाडीत पळणार.

त्याने सेफ्टी परत लावली. टक्क. हरीण कुत्र्यासारखं भुंकलं आणि गेलं.

ह्या वेळची शांतता त्या पहिल्या संध्याकाळसारखी नव्हती.

"मला भीती वाटते," शेवटी सत्यजित म्हणाला. "हिची. मी खोटं बोललो तुमच्याशी. माझं मस्त चाललेलं नाहीये."

हार्टमूटनी बंदूक त्याच्या हातातून घेतली, तोलून बघितली, परत दिली. "उद्या प्रॅक्टिसला," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः एक गोळी मारली. एकच. मग बंदूक टेबलावर ठेवली, खांदा चोळला आणि एक अशी शिवी हासडली की बाजूच्या लेनवाल्याने वळून बघितलं.

"आणि तू हिच्याबरोबर सबंध हिवाळा काढलास?"

"हो."

"खुळा आहेस. ही विकून टाक."

विकणार कुणाला? दुकानदार म्हणाला, ही आत्तापर्यंत कितीदा परत आली ते तोही विसरलाय, आता तो घेणार नाही.

संध्याकाळी हार्टमूटनी तळघरातून गिझेलाची रायफल काढली. जुनी, जाड लाकडाची, चांगली जड. "उसनी देतो. नियम असा आहे, परवाना असलेल्याला महिनाभर देता येते. महिना झाला की आणून द्यायची."

"मग?"

"मग पुन्हा न्यायची."

सत्यजित नियम कोळून प्यायला होता. ती कायमची नावावर करून देता येते हे त्याला माहीत होतं, आणि हार्टमूटना तर नक्कीच. तो म्हणाला, "ठीक आहे."

हरीण अजून पडलेलं नाही, आणि आमच्यातला झाला की नाही हेही कुणी सांगितलेलं नाही. ती हलकी तिजोरीतच आहे, तिला तेल लावावं लागतं. रविवार अजून तसेच लांबलचक. पण महिन्यातून एकदा हा रायफल घेऊन एक मजला खाली उतरतो आणि हार्टमूट तिची नळी उजेडाकडे धरून उगाच तपासत बसतात. मग ती परत घेऊन हा वर यायला निघतो, तर मागून तेही येतात, तिजोरी नीट लागते का बघायला म्हणून. चहा घेतात. आलं जास्त झालंय म्हणतात, आणि दुसरा कप मागतात.