अठरा मेंढ्या आणि तिसरा रविवार

टॉर्किल मॅकअस्किलचं नाक इतकं वर असायचं की पाऊस आला की छत्री आधी नाकावर धरावी लागे. नोव्हा स्कोशियातल्या आमच्या ग्लेन शिल गावात धुकं, बटाटे आणि मॅकअस्किल यांची कधीच टंचाई नव्हती. पण टॉर्किलच्या मते अस्सल मॅकअस्किल तो एकटाच, बाकीचे नुसते त्या नावाचे.

माझी चुलत बहीण मोरॅग या माणसाला दिलेली. ती तीन वर्षांपूर्वी गेली. चर्चमागच्या जुन्या दफनभूमीत, स्प्रूसच्या झाडाखाली तिला ठेवलं. तिच्या शेजारी एकच जागा शिल्लक आहे; तिथली शेवटचीच. नियम असा की १८३० पूर्वी जहाजातून उतरलेल्या घराण्यातल्याच माणसाला तिथं पुरायचं. मोरॅग मॅथसनांची, म्हणजे आमची, तिचा हक्क उघड होता. टॉर्किलला स्वतःचा हक्क सिद्ध करायचा होता.

"मला जागेचं काही नाही रे, एवन," तो मला म्हणायचा. "घराण्याच्या मानाचा प्रश्न आहे."

मान! टपालखात्यात चाळीस वर्षं शिक्के मारलेल्या या माणसाने टपालानेच कुलचिन्ह मागवलं होतं. त्यावरचा सिंह हुबेहूब आमच्या गुरांच्या डॉक्टरच्या कुत्र्यासारखा दिसतो. वंशावळीचा कागद तीस फूट लांब. माडीवर लटकवला तर उंची पुरेना, म्हणून पठ्ठ्याने माडीच्या जमिनीला भोक पाडलं आणि शेवटच्या दोन पिढ्यांची माणसं स्वयंपाकघरात, चुलीवर सोडली. मोरॅग हयात असती तर तिने त्यांच्यावर मासे वाळवले असते.

सगळ्या वंशावळीच्या टोकाला होता मूळपुरुष फिनले मॅकअस्किल. आणि तिथेच घोडं अडलं. टॉर्किलने १८२७ ची खानेसुमारी उतरवून आणली, तर तिच्यात फिनले मॅकअस्किल पाच! प्रत्येकापुढे जमीन, गाई, मेंढ्या. बापाचं नाव कुणाचंच नाही. आमचे पूर्वज नावांच्या बाबतीत कमालीचे कंजूष.

"यातला माझा कोणता?" टॉर्किल कागद माझ्या टेबलावर आपटत म्हणाला.

"सर्वांत कमी मेंढ्यावाला बघ, दाजी."

"थट्टा नको. बाप्तिस्म्याच्या नोंदीत माझा फिनले 'लाल फिनले, ह्यूचा मुलगा, ओढ्यापलीकडचा' असा आहे. पण त्या नोंदी १८३४ पासूनच्या. त्याआधीचं काही आहे का तुझ्याकडे?"

होतं. चर्चच्या पंचांची जुनी वही. तिच्या पेटीची किल्ली माझ्याकडे असते, कारण गावात मी सर्वांत म्हातारा पंच, आणि सर्वांत खोटारडाही, असं लोक म्हणतात. मी वही काढली. टॉर्किलने चष्मा पुसला, आणि पंधरा मिनिटांत त्याला फिनले सापडला. मार्च १८२८. लाल फिनले, ह्यूचा मुलगा, ओढ्यापलीकडचा.

मग तो पुढे वाचू लागला आणि त्याचं नाक हळूहळू खाली आलं.

केनेथ मॅथसनची, म्हणजे माझ्या खापरपणजोबाची, तक्रार होती. मॅथसनांच्या मेंढ्यांच्या डाव्या कानाला खाच असायची. फिनलेच्या वाड्यात डावा कानच नसलेल्या अठरा मेंढ्या सापडल्या. केनेथ म्हणाला, अठराच्या अठरा माझ्या. शिक्षा: तीन रविवार सगळ्या मंडळीसमोर उभं राहून चोरी कबूल करायची, आणि नुकसान झालेल्याने 'समाधान झालं' असं म्हणायचं. पुढे लिहिलं होतं: दोन रविवार उभा राहिला. तिसऱ्या रविवारी आला नाही. नाव खोडलं.

"अभिनंदन, दाजी," मी म्हणालो. "१८३० च्या आधीचाच निघाला. पुरावा पक्का!"

"मग जागा माझी."

"तुझी कशी? मंडळीतून नाव खोडलंय, म्हणजे हक्कही गेला. एक रविवार बाकी राहिलाय तुमच्याकडे, दोनशे वर्षांपासून."

"तू मला उभा करणार? मेंढ्यांसाठी?"

"मी कोण करणारा! मूळपुरुषाने सोय करून ठेवलीय."

आमच्या पाद्रीबाई मिस बेथ्यून तरुण आहेत. वाटलं होतं हसतील आणि सोडून देतील. पण त्यांनी वही वाचली आणि म्हणाल्या, "पंच म्हणतात तर होऊ दे." त्या रविवारी चर्चला इतकी गर्दी झाली की पलीकडच्या गावचे कॅथलिकसुद्धा खिडक्यांना लटकले. एक बाई तर ओटची बिस्किटं बांधून आली होती, नाटकाला यावं तशी.

टॉर्किल उभा राहिला. कोट इस्त्रीचा, चेहरा उकडलेल्या बिटासारखा.

"माझ्या पूर्वजाने काही मेंढ्या..."

"काही म्हणजे किती?" मी बाकावरून विचारलं. लोक फिदीफिदी हसले.

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "अठरा. माझ्या पूर्वजाने केनेथ मॅथसनच्या अठरा मेंढ्या चोरल्या."

"मॅथसन घराण्याचं समाधान झालं का?" पाद्रीबाईंनी विचारलं.

मला अजून बराच खेळ करायचा होता. पण का कोण जाणे, मी म्हणालो, "झालं." मिस बेथ्यूननी वहीत नाव पुन्हा लिहिलं आणि जागा त्याची झाली.

बाहेर स्प्रूसखाली तो मोरॅगच्या शेजारची जागा बुटाने मोजत होता. मी जवळ गेलो.

"एवन," तो मान वर न करता म्हणाला, "खानेसुमारीत केनेथ मॅथसनच्या पुढे मेंढ्या किती आहेत, पाहिलंस?"

पाहिलं होतं. तो कागद माझ्याच टेबलावर विसरून गेला होता.

"चार," तो म्हणाला. "आणि पाच फिनलेंपैकी एकाच्याच चौदा; चौदा आणि चार अठरा, म्हणजे तोच माझा. चोरलेल्या चार ओळखू येऊ नयेत म्हणून गाढवाने स्वतःच्यांचेही कान कापले. आणि तुझ्या केनेथने सगळ्याच लाटल्या. म्हणून तिसऱ्या रविवारी आला नाही तो."

"मग भर चर्चमध्ये अठरा कशाला म्हणालास?"

"तू चार म्हणू दिलं असतंस? वर्षभर कज्जा केला असतास." त्याने बुटाने टोकाची खूण केली. "तेवढा वेळ नाही मला. मोरॅगला एकटीला आवडत नाही."

घराण्याचा मान म्हणे!

नाक मात्र सोमवारी पुन्हा वर गेलं. त्याच्या माडीवर जाऊन बघा. तिथं लटकणाऱ्या त्या कागदावर, मोरॅगच्या माहेरच्या फांदीवर, माझ्या खापरपणजोबाच्या नावापुढे लाल शाईने लिहिलंय: 'मेंढ्या चार. लाटलेल्या चौदा.'