खळ्यावरच्या चार रेघा

मौलालीनं ब्रेकवर पाय रोवला, चाक जीव खाऊन डावीकडं ओढलं, आणि तरीही मोटार उजवीकडंच गेली. समोरून येणारी भाताच्या पेंढ्यांची बैलगाडी वाचली, बैल वाचले, आणि गाडीवान शिव्या द्यायला मोकळा झाला. मोटार मात्र रस्ता सोडून, चर ओलांडून, सरळ धोंडाबाईच्या खळ्यात शिरली. मधल्या तिवड्याच्या खांबापासून वीतभर अलीकडं ती कशीबशी थांबली. आतले सात उतारू एकमेकांच्या अंगावर कोसळले आणि एकाचं पागोटं खिडकीतून बाहेर जाऊन पडलं.

खळं त्याच सकाळी सारवलेलं होतं. सारवण अजून ओलं होतं. शेणाची पाटी घेऊन धोंडाबाई कडेला उभी होती. साठीची काटक बाई, आणि तिच्या तोंडाला सारं कामथडी गाव टरकून असायचं.

"आरं मुडद्या, डोळं भोरात ठिवून आलास का रं? सकाळधरनं कंबर मोडली माझी हितं!"

मौलाली खाली उतरला. डावा हात थरथरत होता, तो त्यानं काखेत दाबून धरला. उतारूंची माफी मागितली, त्यांची गाठोडी काढून दिली. मंडळी कुरकुरत पायीच नसरापूरच्या वाटेला लागली. जाता जाता एकजण म्हणालाच, "म्हातारा झालाय डायव्हर. मालकाला कळायला पायजे."

मालकाला कळलेलंच होतं. बारा वर्षं मौलाली हीच सर्व्हिस मोटार भोर ते पुणे चालवत होता. मालक आनंदराव यांच्या वडिलांनी एकोणीसशे सव्वीस साली ती घेतली, तेव्हा पहिल्यांदा चाक धरलं ते त्यानंच. पण गेले चार महिने मोटार उजवीकडं ओढत होती. भोरच्या चिमाजी मिस्त्रीनं पुढची चाकं जॅकवर उचलून हलवून पाहिली, पिना बदलल्या, स्टिअरिंगच्या डब्यात वंगण भरलं, टायरांची अदलाबदल केली. चिमाजी मूळचा बैलगाड्या करणारा सुतार. गाडी एका अंगाला ओढली तर जू पाहायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक, म्हणून मोटारीतही तो सारखा पुढंच पाहत राहिला. शेवटी थकून त्यानं मालकाला सांगितलं, "मोटारीत दोष न्हाई. हातात हाय."

आणि वाईट हे, की मौलालीलाही ते पटलं होतं. हात खरंच थरथरायचा. बशी उचलली की चहा हिंदकळायचा. तो भिंतीकडं तोंड करून चहा प्यायला लागला होता. त्याची बायको कुलसुम आपणहून बशी अर्धीच भरू लागली होती. आनंदरावांनी पुण्याच्या एका ड्रायव्हरला सोमवारी बोलावलं होतं, आणि आज गुरुवार होता.

"मावशी, चूक माझी हाय," तो म्हणाला. "हात गेलाय माझा. खळ्याचं काय आसंल त्ये…"

धोंडाबाई ऐकतच नव्हती. शिव्या मधेच सोडून ती मोटारीच्या मागं उकिडवी बसली होती आणि सारवणात उठलेल्या चाकांच्या रेघांकडं टक लावून पाहत होती.

"बाबा, तुजी गाडी मागच्या पायानं लंगडतीय."

एवढ्या संकटातही मौलालीला हसू फुटलं. "मावशी, मोटार हाय ती. बैल न्हाई."

"आसू दे की. चार पाय हायेत न्हवं? हिकडं ये. चपला काढ आदी, खळं हाय ह्ये."

त्यानं मुकाट्यानं चपला काढल्या आणि तिच्या शेजारी बसला.

"धड जनावर मागचा खूर पुढच्याच्या मागावर टाकतं. खुब्यात दुखाया लागलं की मागचा पाय बाजूला पडतो. मालकाला लंगडणं दिसायच्या आदी वाटेवर दिसतं त्ये." तिनं शेणानं भरलेलं बोट एका रेघेवर धरलं. "तकडं, रस्त्यापाशी, वळताना पडल्यात त्या सोड. वळताना समदीच तिरपी टाकत्यात. हितं बघ, हितं सरळ आलीया. रेघा किती?"

मौलालीनं पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. पुढच्या दोन चाकांच्या रेघांवरून मागच्या चाकांनी जायला हवं होतं, म्हणजे मोजून दोन रेघा दिसायला हव्या होत्या. चार होत्या. मागच्या दोन, पुढच्यांपासून चार-चार बोटं डावीकडं सरकून, अगदी नीटनेटक्या उठलेल्या.

त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. बारा वर्षं तो ह्या मोटारीत बसून पुढं पाहत होता. पुसली, धुतली, उन्हात झाकली, आजारी पडली तेव्हा शेजारी झोपला. ती चालते कशी, हे उतरून मागं वळून त्यानं कधी पाहिलं नव्हतं. आणि मोटारीत जन्मात पाय न ठेवलेल्या ह्या बाईनं आठ हात रेघांवरून तिचं दुखणं ओळखलं होतं! ह्या बाईच्या पाया पडावं की काय, असं त्याला वाटून गेलं.

"दोरी हाय का मावशी?"

तिनं बैलाची काढणी आणून दिली. उजव्या अंगाला पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत त्यानं दोरी ताणली, गाठ मारली. तीच दोरी डाव्या अंगाला लावली, तर गाठ दोन बोटं अलीकडंच राहिली. तिचंच खुरपं घेऊन तो मोटारीखाली शिरला आणि मागच्या डाव्या स्प्रिंगच्या कमानीवरचा वाळलेला चिखल खरवडू लागला. कमानीचे पाटे आसाला घट्ट धरून ठेवणारा मधला बोल्ट असतो. खुरपं लागताच त्याचं अर्धं मुंडकं टपकन त्याच्या छातीवर पडलं. आस डावीकडून मागं सरकला होता. त्यामुळं मोटारीचं ढुंगण एकीकडं आणि तोंड दुसरीकडं, अशी ती चालत होती.

त्यानं तुकडा उजेडात धरला. तुटलेलं तोंड तांबूस गंजलेलं होतं.

"आजचं न्हाई ह्ये," तो खालूनच म्हणाला. "लई दिसांचं हाय, मावशी. म्हैन्यांचं हाय!"

"आन् तू म्हैनोन्‌म्हैनं तिला डावीकडं वढून धरलीस. जोडीतला एक लंगडा निघाला की दुसऱ्याचा खांदा सुजतो. मग हात थरथरंल न्हाई तर काय करंल?"

मौलाली बाहेर आला. अंग मातीनं, वंगणानं माखलं होतं. तो खळ्याच्या कडेला बसला, डावा हात मांडीवर घेतला आणि लहान पोरासारखा रडला. धोंडाबाईनं त्याला रडू दिलं. पेंढ्या मोजण्याचं काहीतरी निमित्त काढून ती तिकडं गेली.

नसरापूरच्या लोहाराला बोल्ट करून द्यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस मौलालीनं चाकाला हात लावला नाही. डाव्या हाताकडं नीट पाहायचंही त्याला धाडस होत नव्हतं. बरा नसला तर? शनिवारी दुपारपर्यंत त्यानं खळ्याबाहेर ढकलून ठेवलेल्या मोटारीचा आस जागेवर आणला, बोल्ट आवळला, दोरी लावली. गाठ दोन्ही अंगांना एकाच जागी आली.

निरोप मिळाल्यावर रविवारी सकाळी आनंदराव खळ्यावर आले. तिशीतला माणूस, मनानं चांगला. कानकोंडा झाला की मिशी ओढायचा. आल्यापासून ते मिशीच ओढत होते. खळं पुन्हा सारवलेलं पाहून मौलाली चकित झाला.

"मावशी, परत कंबर मोडलीस?"

"रेघ उठाया वली जमीन नगं का? घे, आण तुजी गाडी."

मौलालीनं मोटार हळूच आत घातली आणि पलीकडून बाहेर काढली. धोंडाबाईनं सांगायच्या आधीच आनंदरावांनी बूट काढले होते. ते अनवाणी खळ्यात उतरले आणि वाकून पाहू लागले. दोनच रेघा होत्या, मागच्या चाकानं पुढच्याचं पाऊल न चुकवता टाकलेल्या.

"मोटारीचं कळलं, चाचा," ते सरळ होत म्हणाले. "डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास बसला नसता. पण तो पुण्याचा माणूस उद्या येतोय. आणि तुमचा…" त्यांची नजर मौलालीच्या डाव्या हाताकडं गेली.

धोंडाबाईनं शेणाची पाटी पायानं पुढं सरकवली.

"खळं कुणी मोडलं?"

"म्या," मौलाली म्हणाला.

"मग सारवायचं कुणी? बस खाली. डाव्या हातानं सारव."

मौलालीला तिचा डाव कळला. पण नाही म्हणायची सोय तिनं ठेवली नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, हात शेणात बुडवला. पहिली चार-पाच वळणं त्यानं मान खाली घालून, जवळजवळ डोळे मिटूनच ओढली. मग भोंगवली गावातलं आईचं अंगण आठवलं. आई म्हणायची, हात उचलू नकोस, फिरू दे. हळूहळू तो मालक विसरला, सोमवार विसरला. चाकाच्या रेघा त्याच्या तळहाताखाली एकेक करून बुजत गेल्या.

कडेला पोचल्यावर त्यानं मागं पाहिलं. सारवणाची वळणं एकाला एक लागून, सारख्या अंतरानं, खळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती. कुठंही खंड नव्हता, कुठंही कंप नव्हता.

"बघा मालक," धोंडाबाई म्हणाली. "तुमाला गाडीच्या रेघा वाचाया आल्या. ह्याबी वाचा."

आनंदरावांनी वाचल्या. मिशीवरचा हात खाली आला. बूट हातात घेऊन ते मोटारीकडं गेले, पुढचं दार उघडून ड्रायव्हरशेजारच्या जागी बसले आणि तिथूनच म्हणाले, "हात धुऊन घ्या, चाचा. वाटेत तारऑफिसात थांबू. पुण्याला तार करायची आहे."

संध्याकाळी भोरात, घरच्या ओसरीवर, कुलसुमनं रोजच्यासारखी अर्धी बशी ओतून त्याच्यापुढं ठेवली. मौलाली आज भिंतीकडं वळला नाही.

"भर की," तो म्हणाला.

तिनं वर पाहिलं. तिला काही सांगितलेलं नव्हतं. तिनं किटली उचलली आणि बशी काठोकाठ भरली, पण थोडा चहा जमिनीवर सांडलाच. ओतताना तिचाच हात थरथरत होता.